आठ अर्ज, आठ नकार: पीएचडी आणि पोस्टडॉकचे अर्ज कुठे कच्चे राहतात

प्रश्न असा आहे: जीवरसायनशास्त्रात एमएस्सी, त्यानंतर दोन वर्षं एका लॅबमध्ये प्रकल्प सहायक, एका पेपरवर तिसरं नाव. गेल्या हंगामात पीएचडीसाठी आठ अर्ज केले, आठही नाकारले गेले, कारण कुणी कळवलं नाही. यंदा पुन्हा करायचे आहेत, तर एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे आपण काय केलं आणि पुढे काय करायचंय हे सांगणारा अर्जातला लेख) कशी सुधारायची? शिवाय त्याच लॅबमधल्या एका सीनियरचा थिसिस सबमिट होत आलाय. पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनपदाच्या, अर्जालाही हेच सगळं लागू पडतं का?

सोबत पाठवलेली एसओपी आणि सीव्ही दोन्ही वाचले. भाषा स्वच्छ आहे, व्याकरणाची चूक शोधूनही सापडली नाही. तेव्हा ती आणखी घासण्यात महिना घालवू नका. मी बरीच वर्षं पीएचडी प्रवेशाच्या समितीवर बसतोय, पोस्टडॉकसाठीचे अर्जही सतत येत असतात, आणि तुमच्या अर्जाचं दुखणं मला लगेच ओळखीचं वाटलं. त्यातले सगळे कागद एकच गोष्ट सांगतात. सीव्हीत जी यादी आहे तीच एसओपीत वाक्यं होऊन आली आहे. शिफारसपत्रं मी पाहिलेली नाहीत, पण तुम्हीच लिहिलंय की दोन सरांनी ‘मसुदा तूच करून आण, मी सही करतो’ असं सांगितलं. म्हणजे त्या पत्रांतही तीच यादी असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

समिती चार-पाच कागद मागवते ते हौसेनं नाही. अभ्यासक्रम झेपेल की नाही हे गुणपत्रिका सांगते. आजवर हाताखालून काय काय गेलंय ते सीव्ही सांगतो. एसओपीत बघायचं असतं की ही व्यक्ती डोकं कसं चालवते आणि तिला इथंच का यायचंय. शिफारसपत्रातून ते कळायला हवं, जे तुम्हाला स्वतःच्या तोंडानं सांगताच येत नाही. एकाच उत्तराच्या चार प्रती हाती आल्या की बाकीचे प्रश्न तसेच राहतात. मग तो अर्ज ‘बघू नंतर’च्या गठ्ठ्यात जातो, आणि त्या गठ्ठ्याकडे परत यायला डिसेंबरात कुणालाच वेळ नसतो.

तुम्ही विचारलंय एसओपीबद्दल, पण मी पत्रांपासून सुरू करतो, कारण अर्ज उघडल्यावर मी स्वतः आधी पत्रंच वाचतो. एसओपी चार मित्रांना दाखवून, दहादा सुधारून तयार होते. हल्ली तर ती एआयकडून लिहूनही मिळते. पत्र मात्र दुसऱ्या कुणीतरी आपली पत पणाला लावून लिहिलेलं असतं.

कमकुवत पत्र कसं असतं? ‘सदर विद्यार्थिनी माझ्या विषयात वर्गात दुसरी आली. ती नियमित, कष्टाळू व मनमिळाऊ आहे. तिला उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.’ सहा ओळी आणि भारदस्त लेटरहेड. एकही वाक्य वाईट नाही, पण गुणपत्रिकेत नसलेलं असं मला काहीच कळलं नाही. विभागप्रमुखांचं किंवा एखाद्या नामवंताचं असं पत्र मिळवायला लोक खेटे घालतात. त्यापेक्षा ज्यांनी तुम्हाला रोज बेंचवर काम करताना पाहिलंय त्यांचं दीड पान कितीतरी कामाचं. एका पत्रातला मजकूर मला अजून आठवतो: माझ्या विश्लेषणातली चूक तिनं ग्रुप मीटिंगमध्ये दाखवली, मग दुपारी एकटी येऊन ती नेमकी कुठे झाली हे माझ्याबरोबर बसून शोधलं, चूक माझीच होती. त्या मुलीचे गुण बेताचे होते. मुलाखतीला बोलवायच्या यादीत तिचं नाव घालताना मात्र आमच्यात वाद झाला नाही.

आता ‘मसुदा तूच आण’बद्दल. सरांना वेळ नसतो हे खरं आहे. पण एकाच हातानं लिहिलेली पत्रं शेजारी ठेवून वाचली की ओळखू येतात: तीच विशेषणं, तेच प्रसंग, कधीकधी तर फॉन्टही तोच. शिवाय स्वतःबद्दल लिहिताना माणूस एकतर फार संकोचतो किंवा फार वाहवतो, दोन्ही वेळा पत्र खोटं वाजतं. सरांना तोंडावर नाही म्हणणं अवघड असेल तर मसुद्याऐवजी एक पानाचं टिपण द्या. त्यात तुम्ही त्यांच्याकडे कधीपासून कधीपर्यंत काय केलं ते लिहा, दोन-तीन ठोस प्रसंग तारखेसकट आठवून द्या (सर विसरलेले असतात, तुमच्यासारखे पंधरा जण त्यांच्याकडे असतात), कुठे कुठे अर्ज करताय आणि कुठली डेडलाइन कधी तेही लिहा. कुणी कशावर लिहायचं तेही सुचवता येतं: ‘मॅडम कोर्सवर्कबद्दल लिहिणार आहेत, तुम्ही लॅबमधल्या कामाबद्दल लिहिलंत तर बरं होईल.’ असं टिपण समोर असलं की घाईत असलेला माणूसही बरं पत्र लिहितो. मीही त्यातलाच आहे.

पत्र मागताना ‘सर, रेको द्याल का’ असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात. ‘माझ्या कामाबद्दल सविस्तर आणि चांगलं लिहिता येईल इतकं तुम्ही मला ओळखता का? नसाल तर मोकळेपणानं सांगा, मी दुसऱ्या कुणाला विचारीन’ असं विचारा. समोरचा घुटमळला तर समजून घ्या आणि आभार मानून निघा. डेडलाइनच्या निदान सहा आठवडे आधी हे व्हायला हवं. आणखी एक बारीकशी गोष्ट: अमेरिकी फॉर्मवर ‘पत्र पाहण्याचा हक्क सोडता का’ असा चौकोन असतो. हक्क सोडा. तो राखून ठेवला की वाचणाऱ्याच्या मनात पत्राचं वजन घटतं.

एसओपीकडे येऊ. तुमच्या तिसऱ्या परिच्छेदाचा सारांश असा: या प्रकल्पादरम्यान मी प्रोटीन प्युरिफिकेशन, एसडीएस-पेज, वेस्टर्न ब्लॉट आणि एन्झाइम कायनेटिक्स ही तंत्रं आत्मसात केली, त्यामुळे माझी विश्लेषणक्षमता वृद्धिंगत झाली. ही सगळी तंत्रं सीव्हीत आहेतच. पण मेलमध्ये, दोन वर्षांत एकच पेपर का झाला याची सफाई देताना, तुम्ही जाता जाता लिहिलंय: ‘मध्ये तीन महिने रीडिंगच जुळत नव्हती, बफरचा घोळ होता, त्यात वेळ गेला.’ अहो, एसओपी तिथे आहे!

उलट मेल करून खोदून विचारलं तेव्हा जे कळलं ते मांडून पाहिलं, तर असं होतं (बफर म्हणजे पीएच, अर्थात आम्लतेचं माप, स्थिर राखणारं द्रावण; ट्रिस हा त्यातला एक प्रकार):

‘थंड पाण्यात जगणाऱ्या एका जिवाणूचं एन्झाइम ४ आणि २५ अंश सेल्सिअसला किती वेगानं काम करतं हे मी मोजत होते. दोन तापमानांतला फरक अपेक्षेच्या उलट येत होता. एन्झाइम बिघडलं असेल म्हणून नव्यानं शुद्ध केलं, तरी तेच. मग लक्षात आलं की ट्रिस बफरचा पीएच आम्ही २५ अंशांना ७.५ लावत होतो, आणि तापमान उतरलं की ट्रिसचा पीएच अंशामागे साधारण ०.०३ नं चढतो. कोल्ड रूममध्ये तोच बफर ८.१ च्या आसपास जात होता. ४ अंशांवरच पीएच लावून सगळी मोजणी पुन्हा केली. फरक बराच कमी झाला, पण पुरता गेला नाही. जो उरला तो एन्झाइमचा स्वतःचा आहे, आणि तो कुठून येतो हे मला शोधायचंय.’

यात तुम्ही स्वतःला हुशार, चिकाटीच्या किंवा जिज्ञासू कुठेही म्हटलेलं नाही. पण तीन महिने उलटं उत्तर येत असताना तुम्ही काय केलंत, आधी कशावर संशय घेतलात, तो खोटा ठरल्यावर पुढे कुठे वळलात, हे सगळं वाचणाऱ्याला दिसतं. चूक लपवलेली नाही. माझ्या लॅबमध्ये येणाऱ्या मुलांचे पहिले सहा महिने असल्याच घोळांत जातात, त्यामुळे घोळातून निघता येणारा माणूस मला हवाच असतो. शेवटच्या ओळीनं पुढचा परिच्छेदही उघडून दिला: थंडीत काम करणाऱ्या प्रथिनांच्या रचनेवर जिथे संशोधन चालतं, तिथे अर्ज करायचं कारण आता तुमच्याकडे आहे.

नाहीतर ‘इथंच का’ या भागात जे येतं ते मला तोंडपाठ झालंय: आपल्या जगप्रसिद्ध संस्थेतील अत्याधुनिक सुविधा, आणि मग वेबसाइटवरून उचललेली तीन प्राध्यापकांची नावं. संस्थेचं नाव बदलूनही वाक्य खरं राहत असेल तर ते वाक्य काढून टाका. त्याऐवजी एकाच लॅबचे अलीकडचे दोन पेपर नीट वाचा आणि त्यातून तुमच्या मनात आलेला एक प्रश्न लिहा. प्रश्न चुकीचा असला तरी चालतो. हे मी शहाजोगपणे सांगत नाहीये: माझ्या स्वतःच्या पोस्टडॉकच्या अर्जात दुसऱ्या पानावर भलत्याच लॅबचं नाव राहून गेलं होतं. पाठवल्यावर चार दिवसांनी दिसलं. उत्तर आलं नाही, यायचं कारणही नव्हतं.

‘लहानपणापासून मला विज्ञानाची ओढ’ हा पहिला परिच्छेद सरळ काढून टाका. आजारपणामुळे एखादं सेमिस्टर गेलं असेल, गुण घसरले असतील तर ते दोन वाक्यांत सांगा आणि पुढे चला. वेगळं पर्सनल स्टेटमेंट मागितलं असेल तर तिथे सांगा. दोन पानांची मर्यादा असेल तर दोनच पानं, आणि समास कमी करून कोंबाकोंबी नको. परीक्षांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बऱ्याच विभागांनी जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा काढून टाकली आहे, कुठे ती ऐच्छिक आहे. सप्टेंबर २०२३ पासून ती दोन तासांच्या आत आटोपते आणि गुण पाच वर्षं चालतात. टोफेल आणि आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे मात्र दोनच वर्षं, तेव्हा तुमच्या जुन्या निकालाची तारीख आजच बघा.

आठ अर्ज कुठे गेले होते ती यादीही पाहिली. सहा अमेरिकेत, दोन जर्मनीत, आणि आठही ठिकाणी जवळपास एकच पाकीट. ही दोन वेगळी दुनिया आहेत. अमेरिकेत विभाग प्रवेश देतो, समिती निवडते, बॅचलर्सनंतरही थेट घेतात, पहिलं-दुसरं वर्ष कोर्सेसचं असतं आणि जीवशास्त्रात अनेक ठिकाणी दोन-तीन लॅबमध्ये रोटेशन करून, म्हणजे पाळीपाळीनं थोडे थोडे दिवस काम करून, मग गाईड ठरतो. तिथे तुमचा प्रश्न एका लॅबला चिकटवून ठेवलात तर उलट त्रास होतो. ती व्यक्ती त्या वर्षी विद्यार्थी घेत नसली की संपलं. दोन-तीन जणांशी जुळेल असा तो असावा. डेडलाइन बहुतेक १ ते १५ डिसेंबरच्या सुमारास. जर्मनी, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड इथे पीएचडीची जागा ही बहुधा नोकरी असते: वर्षभर केव्हाही जाहिरात निघते, मास्टर्स लागतं, आणि निवडणारा म्हणजे तो एक प्राध्यापकच. तिथे दोन पानांची एसओपी नको, जाहिरातीतल्या प्रकल्पाला धरून लिहिलेलं एक पानाचं पत्र हवं. अपवाद आहेतच: जर्मनीत मॅक्स प्लांक या संशोधनसंस्थेच्या आयएमपीआरएस नावाच्या पीएचडी शाळा समितीमार्फतच घेतात. ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी आधी गाईडशी बोलून, कधीकधी प्रस्तावाचा आराखडा ठरवून मग अर्ज करायचा असतो.

प्राध्यापकांना आधी मेल करावा का, हे सगळेच विचारतात. युरोपात करावाच, अमेरिकेत विभागाची वेबसाइट ‘करू नका’ म्हणत नसेल तर करावा. मेल मोबाइलच्या स्क्रीनवर न सरकवता वाचता आला पाहिजे. ‘आदरणीय सर, मी आपल्या कार्यानं प्रभावित झाले’ इथे माझं बोट डिलीटकडे जातं. चालेल असा मेल साधारण असा: मी अमुक, सध्या अमुक एन्झाइमवर काम करतेय, तुमच्या गेल्या वर्षीच्या पेपरमध्ये कमी तापमानाला लूप जास्त लवचीक होतो असं दाखवलंय, माझ्या एन्झाइममध्ये तो लूपच नाही तरी ते थंडीत चालतं, पुढच्या सत्रासाठी तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का? सीव्ही जोडला आहे. बस. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

आठ नकार म्हणजे आठ जणांनी तुम्हाला नापास केलं असा अर्थ काढू नका. समितीच्या खोलीत मी अनेक चांगले अर्ज बाजूला पडताना पाहिलेत: ग्रँट संपली, त्या प्राध्यापकांनी गेल्या वर्षीच दोन जण घेतले, परदेशी विद्यार्थ्यांसाठी निधीच्या जागा दोनच उरल्या. ही कारणं कळवली जात नाहीत. पण आठांपैकी पाच ठिकाणी तुमच्या विषयात एकच लॅब होती, तो भाग तुमच्या हातात होता. यंदा प्रत्येक नावापुढे निदान दोन लॅब असतील अशीच यादी करा. अमेरिकेतून ऑफर आली आणि दुसरीकडचं कळायचं असेल तर घाबरून लगेच हो म्हणू नका. तिथल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सह्या केलेल्या विद्यापीठांकडून निधीसकट आलेल्या ऑफरला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा असते.

आता सीनियरचं. पोस्टडॉकचा अर्ज वाचताना मी डोळ्यांसमोर ठेवतो तो प्रश्नच वेगळा असतो. पीएचडीला ‘हिला शिकवता येईल का’ हे बघतो. पोस्टडॉकला ‘ही आल्यावर माझ्या लॅबला आज येत नाही असं काय येऊ लागेल’ हे बघतो. म्हणून कव्हर लेटरच्या पहिल्या दोन परिच्छेदांतच हवं: मी हे करून दाखवलंय, तुमच्याकडे ते इथे वापरता येईल, आणि मला तुमच्याकडून हे शिकायचंय. पेपर्सच्या यादीत ‘लेखन सुरू आहे’ असे चार पेपर असतील तर मी ते शून्य धरतो. तयार असेल तो बायोआर्काइव्हवर, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीचे पेपर (प्रीप्रिंट) खुले ठेवणाऱ्या साइटवर टाका, दुवा द्या. वाचता येणारा एक प्रीप्रिंट बास. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरचे, म्हणजे त्यातल्या पेपरांचा सरासरी किती उल्लेख होतो त्याचे, आकडे सीव्हीत घालायची सवय असेल तर ती मोडा. संशोधन जर्नलच्या आकड्यांवरून जोखू नये असं सांगणाऱ्या, २०१२ साली मांडल्या गेलेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यावर, म्हणजे डोरावर, सही केलेल्या बऱ्याच संस्थांना ते खटकतं. त्या जागी प्रत्येक पेपरखाली एका ओळीत आपण त्यात नेमकं काय केलं ते लिहावं.

फेलोशिपच्या बाबतीत अर्जाच्याही आधी घड्याळ बघायचं. युरोपीय संघाच्या मारी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपला पीएचडीनंतर जास्तीत जास्त ८ वर्षांचा संशोधनाचा अनुभव चालतो, आणि ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. जर्मनीतल्या हुंबोल्ट फाउंडेशनच्या पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडी होऊन ४ वर्षांच्या आत अर्ज लागतो. ह्यूमन फ्रंटियर या जीवविज्ञानासाठीच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाची फेलोशिप तीन वर्षांची, पण देश बदलावा लागतो आणि कामाची दिशाही खरोखर वळवावी लागते. थिसिसचाच पुढचा भाग तिथे टिकत नाही. मारी क्युरीच्या प्रस्तावाचा मुख्य भाग १० पानांचा असतो. गुणांत संशोधनाच्या दर्जाला ५० टक्के, परिणामाला ३० आणि अंमलबजावणीला २०. विज्ञान लिहिण्यात नऊ पानं घालवून बाकीचं शेवटच्या रात्री भरलं तर निम्मे गुण हातचे जातात. शिवाय हा प्रस्ताव यजमान प्राध्यापकाबरोबर मिळून लिहायचा असतो. डेडलाइन अलीकडे सप्टेंबरात येते, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये ओळख व्हायला हवी.

पोस्टडॉकला रेफरीला, म्हणजे शिफारस करणाऱ्याला, बहुतेक वेळा फोनच जातो. तिकडचा माणूस विचारतो, ‘पुन्हा संधी मिळाली तर तुम्ही यांना घ्याल का?’ आणि उत्तराआधीची शांतता ऐकतो. उलट बाजूनं तुमच्या सीनियरनंही हेच करावं: ज्या लॅबमध्ये जायचंय तिथल्या सध्याच्या लोकांपेक्षा सोडून गेलेल्यांशी बोलावं. पेपर किती दिवसांनी बाहेर पडतात, स्वतःचा प्रकल्प सोबत न्यायला मिळतो का, हे ते मोकळेपणानं सांगतात.

मेलच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की सीनियरचं आणि गाईडचं वर्षभर जमत नाहीये, म्हणून त्यांचं पत्र घ्यायचंच नाही असं चाललंय. गाईडचं पत्र नसलं की प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर अर्जात नसेल तर वाचणारा मनानं भरतो. बोलणं अगदीच तुटलं नसेल तर आधी लॅबमधल्या दुसऱ्या ज्येष्ठ व्यक्तीमार्फत अंदाज घ्यावा: भांडण असूनही कामाबद्दल नीट लिहिणारे गाईड मी पाहिलेत. ते शक्यच नसेल तर थिसिस समितीतल्या एका सदस्याला सगळं खरं सांगून, त्यांच्या पत्रात एक वाक्य घालायची विनंती करावी: गाईडचं पत्र नाही याचं कारण मला माहीत आहे आणि त्याचा कामाच्या दर्जाशी संबंध नाही. सीनियरनं स्वतः कव्हर लेटरमध्ये याबद्दल काही लिहू नये, मुलाखतीत विचारलंच तर दोन वाक्यांत, आवाज न चढवता सांगावं. समितीतल्या ज्या सदस्यानं थिसिसची प्रकरणं खरंच वाचली आहेत, त्यांच्याकडेच ही विनंती घेऊन जावं, आणि ती व्हायवाच्या, म्हणजे थिसिसच्या तोंडी परीक्षेच्या, आधी.